भारतातील विमानतळ सुरक्षा

विमानाचे अपहरण, घातपात, शस्त्रे व स्फोटके यांची चोरटी ने-आण, धावपट्टीवरील घुसखोरी अशा बेकायदेशीर कृत्यांपासून प्रवासी, कर्मचारी, विमाने आणि विमानतळाच्या इमारती यांचे रक्षण करण्यासाठी आखलेली योजना व तिची दैनंदिन अंमलबजावणी म्हणजे विमानतळ सुरक्षा होय. भारतात तिचे नियम केंद्र सरकारचा नागरी विमान सुरक्षा ब्युरो ठरवतो. बहुतेक मोठ्या विमानतळांवर प्रत्यक्ष पहारा व तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल करते. चेक-इनचे सामान, मालवाहतूक व विमानाची अंतर्गत तपासणी या जबाबदाऱ्या विमान कंपन्या व विमानतळ चालक यांच्यात विभागलेल्या असतात. प्रवाशाला यांपैकी अंगझडती आणि क्ष-किरण यंत्र एवढेच दिसते. उरलेले काम त्याच्या नजरेआड आणि पुष्कळदा तो विमानतळावर येण्यापूर्वीच झालेले असते. या क्षेत्रातील अनेक मोठ्या दुर्घटनांमध्ये साखळी तुटली ती एका संस्थेचे काम संपून दुसरीचे सुरू होते त्या सांध्यावर. त्यामुळे यंत्रांइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व जबाबदाऱ्यांच्या स्पष्ट वाटणीला दिले जाते.

संज्ञा व व्याप्ती

मराठीत ‘सुरक्षा’ हा एकच शब्द दोन वेगळ्या अर्थांनी वापरला जातो. इंजिनातील बिघाड, पक्ष्याची धडक, खराब हवामान, वैमानिकाची चूक यांपासून बचाव करणे ही एक बाब. माणसाने हेतुपुरस्सर केलेल्या दुष्कृत्यापासून बचाव करणे ही दुसरी. पहिल्या बाबीसाठी सरकारी हिंदीत ‘संरक्षा’ हा शब्द रूढ आहे. मराठीत तो फारसा रुळला नाही. भारतात या दोन्ही बाबींसाठी वेगवेगळी कार्यालये आहेत. उड्डाणाची निर्धोकता नागरी विमान वाहतूक महासंचालनालय पाहते, तर घातपातविरोधी व्यवस्था सुरक्षा ब्युरोकडे असते. प्रस्तुत लेख केवळ दुसऱ्या बाबीविषयी आहे.

आंतरराष्ट्रीय पातळीवर या विषयाचा पाया १९४४ च्या शिकागो कराराचे सतरावे परिशिष्ट हा आहे. मूळ करारात असे परिशिष्ट नव्हते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस विमान अपहरणांची लाट आल्यानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ते मार्च १९७४ मध्ये स्वीकारले. त्यापूर्वी टोकियो (१९६३), हेग (१९७०) व माँट्रियल (१९७१) येथे झालेल्या करारांनी विमानातील गुन्हे, अपहरण व घातपात यांची कायदेशीर चौकट घालून दिली होती. सदस्य देशांनी राष्ट्रीय सुरक्षा कार्यक्रम आखावा, प्रत्येक विमानतळाची लेखी सुरक्षा योजना असावी आणि या सर्वांवर देखरेख ठेवणारी एक जबाबदार संस्था नेमावी, या अपेक्षा सतराव्या परिशिष्टात आहेत.

भारतातील व्यवस्थेचा इतिहास

३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ नावाचे फॉकर विमान पळवून लाहोरला नेण्यात आले. प्रवाशांची सुटका झाली; विमान मात्र तेथे जाळून टाकण्यात आले. या घटनेनंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या हद्दीवरून उडण्यास बंदी घातली आणि त्या वर्षाअखेरच्या युद्धापर्यंत ती बंदी राजकीय व लष्करी दृष्ट्या मोलाची ठरली. विमानतळावरील व्यवस्थेत मात्र लगेच संस्थात्मक बदल झाला नाही. तो घडण्यासाठी १० सप्टेंबर १९७६ ची घटना कारणीभूत ठरली. दिल्लीहून मुंबईकडे निघालेले बोइंग ७३७ जातीचे विमान अपहरण करून लाहोरला नेले गेले. तेथील अधिकाऱ्यांनी अपहरणकर्त्यांना ताब्यात घेतल्याने सर्व प्रवासी सुखरूप परतले. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये महासंचालनालयातच एक सुरक्षा कक्ष उघडण्यात आला. आजच्या ब्युरोचे ते मूळ होय.

त्या काळी सुरक्षेचा विचार मुख्यत्वे अपहरणाच्या अंगाने होत असे. शस्त्र घेऊन विमानात चढणारा माणूस अडवला की काम झाले, अशी समजूत होती. सामान एकटेच प्रवास करू शकते आणि त्याचा मालक विमानात नसतानाही ते घातक ठरू शकते, ही गोष्ट १९८४ व १९८५ या दोन वर्षांनी दाखवून दिली. २ ऑगस्ट १९८४ रोजी मद्रासच्या मीनंबक्कम विमानतळावर सुटकेसमधील बॉम्बचा स्फोट होऊन तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. कोलंबोच्या विमानासाठी नोंदवलेले हे सामान, त्याचा मालक विमानात न चढल्यामुळे, विमानात गेले नाही. परंतु ते विमानतळाच्या इमारतीतच राहिले. सामान मालकाविना राहिले आहे हे ओळखणे आणि ओळखल्यावर ते माणसांपासून दूर नेणे ही दोन निराळी कामे आहेत. त्यांतील दुसरे झाले नाही.

‘कनिष्क’ दुर्घटना

२३ जून १९८५ रोजी माँट्रियलहून लंडनमार्गे दिल्लीकडे येणारे एअर इंडियाचे ‘कनिष्क’ हे बोइंग ७४७ विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ अटलांटिक महासागरावर स्फोटाने फुटले आणि त्यातील ३२९ जण मरण पावले. मृतांत बहुसंख्य भारतीय वंशाचे कॅनेडियन नागरिक होते. त्याच दिवशी जपानमधील नारिता विमानतळावर एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानासाठी आलेल्या बॅगेचा स्फोट होऊन सामान हाताळणारे दोन कामगार ठार झाले.

सुरक्षाव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्यास ‘कनिष्क’चा घटनाक्रम टप्प्याटप्प्याने पाहणे आवश्यक ठरते. व्हँकूवर येथे एका प्रवाशाने आपली बॅग थेट दिल्लीपर्यंत नोंदवण्याचा आग्रह धरला. टोरांटोच्या पुढे त्याचे आसन निश्चित नव्हते, त्यामुळे नियमानुसार बॅग टोरांटोपर्यंतच जावयास हवी होती. पाठीमागे रांग खोळंबलेली होती आणि खिडकीवरील कर्मचाऱ्याने अखेर त्याचे म्हणणे मान्य केले. बॅग गेली, प्रवासी विमानात चढलाच नाही. टोरांटोला ती बॅग एका कंपनीच्या विमानातून दुसऱ्या कंपनीच्या विमानात चढवली गेली. तेथील क्ष-किरण यंत्र तपासणी चालू असतानाच बंद पडले आणि उरलेल्या बॅगा हातात धरावयाच्या स्फोटकशोधकाने तपासल्या गेल्या. या उपकरणाची विश्वासार्हता पुढे चौकशीत फारच कमी ठरली. अशा रीतीने एक नियम नम्रतेपोटी मोडला गेला, एक यंत्र ऐनवेळी नादुरुस्त झाले आणि प्रवासी व सामान यांचा मेळ घालण्याचे काम कोणाचेच नव्हते. यांपैकी कोणतीही एक कडी शाबूत राहिली असती तर ती बॅग विमानात पोहोचली नसती. भारतात न्यायमूर्ती बी. एन. कृपाल यांच्याकडे या अपघाताची चौकशी सोपवण्यात आली. कॅनडात न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या आयोगाचा अहवाल पुष्कळ उशिरा, २०१० मध्ये आला. धोक्याच्या पूर्वसूचना संबंधितांपर्यंत न पोहोचणे हा त्यातील एक ठळक निष्कर्ष होता.

या दुर्घटनेनंतर प्रवासी विमानात नसेल तर त्याचे सामानही विमानात राहू नये, हा नियम जगभर दृढ झाला. आजही एखादा प्रवासी ऐनवेळी आला नाही तर उड्डाण थांबवून त्याची बॅग पोटातून शोधून उतरवली जाते. त्यामुळे होणाऱ्या विलंबावर त्रासलेल्या इतर प्रवाशांना त्यामागचा हा इतिहास क्वचितच ठाऊक असतो. भारतात सुरक्षा कक्षाला महासंचालनालयापासून वेगळे करून १ एप्रिल १९८७ रोजी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीतील स्वतंत्र ब्युरो करण्यात आले.

अमृतसर : दोन प्रसंग

संकटकालीन नियोजन कागदावर असणे आणि ते वेळेवर अमलात येणे यांतील अंतर अमृतसरच्या राजासांसी विमानतळावर सहा वर्षांच्या फरकाने घडलेल्या दोन प्रसंगांत दिसून येते. २४ एप्रिल १९९३ रोजी दिल्लीहून श्रीनगरकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान एका सशस्त्र माणसाने ताब्यात घेतले. लाहोरला उतरण्याची परवानगी नाकारली गेल्याने ते अमृतसरला उतरले. वाटाघाटी चालू ठेवून वेळ मिळवण्यात आला, तोवर राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे जवान पोहोचले आणि मध्यरात्रीनंतर ‘ऑपरेशन अश्वमेध’ या कारवाईत त्यांनी काही मिनिटांत विमान मुक्त केले. सर्व प्रवासी सुखरूप राहिले.

२४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला येणारे आयसी ८१४ हे विमानही सायंकाळी याच विमानतळावर उतरले. त्यात इंधन अत्यल्प उरले होते आणि ते तेथेच रोखून धरणे शक्य होते. विमान सुमारे पाऊण तास उभे होते. या काळात दिल्लीतील संकट व्यवस्थापन गट, पंजाब पोलीस आणि विमानतळावरील स्थानिक समिती यांच्यात एकवाक्यता झाली नाही. कमांडो दल पोहोचले नाही. आणि इंधनाचा टँकर येण्यास होणारा विलंब संशयास्पद वाटून अपहरणकर्त्यांनी विमान पुन्हा उडवावयास लावले. पुढे लाहोर व दुबईमार्गे ते कंदहारला गेले. रूपिन कत्याल या प्रवाशाची हत्या झाली होती. उरलेल्या ओलिसांची सुटका ३१ डिसेंबर रोजी तीन दहशतवाद्यांना सोडून दिल्यावरच झाली. पहिल्या प्रसंगात अपहरणकर्ता एकटा होता व दुसऱ्यात पाच जण होते, हा फरक दुर्लक्षिण्यासारखा नाही. तथापि निर्णय कोणी घ्यावयाचा हे ठरलेले नसेल तर मिळालेली पाऊण तासाची संधी कशी निसटते, याचे हे उदाहरण प्रशिक्षणात आवर्जून सांगण्याजोगे आहे.

या अपहरणाचे दोन परिणाम टिकाऊ ठरले. तोवर विमानतळांचा पहारा त्या त्या राज्याच्या पोलिसांकडे असे. त्यांच्या बदल्या, प्रशिक्षण व कार्यपद्धती राज्यागणिक वेगळी होती. ३ फेब्रुवारी २००० रोजी जयपूर विमानतळ केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या ताब्यात देण्यात आला आणि पुढे हे दल साठहून अधिक विमानतळांवर तैनात झाले. दुसरा परिणाम म्हणजे विमानाच्या शिडीपाशी होणारी दुसरी तपासणी. हे विमान परदेशातून शस्त्रांसह निघाले होते. म्हणून संवेदनशील ठिकाणी विमानतळाच्या तपासणीवर विसंबून न राहता विमान कंपनी शिडीपाशी प्रवाशांची पुन्हा झडती घेते.

कायदेशीर चौकट

१९८२ च्या अपहरणविरोधी कायद्यात विमानाची दारे बंद झाल्यापासून ती उघडेपर्यंतचाच काळ ‘उड्डाण’ मानला होता. २०१६ च्या नव्या कायद्याने उड्डाणपूर्व तयारी सुरू झाल्यापासून विमान उतरल्यानंतरच्या २४ तासांपर्यंतचा काळ त्याच्या कक्षेत आणला आणि अपहरणात ओलीस किंवा सुरक्षा कर्मचारी मरण पावल्यास मृत्युदंडाची तरतूद केली. २०२० मधील दुरुस्तीने सुरक्षा ब्युरोला प्रथमच थेट कायद्याचा आधार मिळाला; तोवर तो शासकीय आदेशांवर चालत होता. दैनंदिन कामकाजासाठी २०११ चे विमान सुरक्षा नियम होते, त्यांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली. १९३४ चा मूळ विमान कायदा रद्द होऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला.

नियोजन

विमानतळाची सुरक्षा इमारतीचा नकाशा कागदावर असतानाच ठरू लागते. येणारे व जाणारे प्रवासी एकमेकांत मिसळणार नाहीत अशा वाटा, वाहनतळ व इमारत यांतील अंतर, सामानाच्या पट्ट्यांचा मार्ग, पहाऱ्याचे मनोरे, या गोष्टी नंतर जोडता येत नाहीत. आल्या तरी फार खर्चाने येतात. धोक्याची सूचना असलेले विमान उभे करण्यासाठी इतर विमाने व इमारतींपासून किमान १०० मीटर दूर एक एकांत जागा राखावी लागते. प्रवासी तिला कधी पाहत नाहीत, पण आराखड्यात ती नसेल तर विमानतळाला मान्यता मिळणे कठीण असते.

सारा परिसर ढोबळमानाने दोन भागांत विभागला जातो. रस्ता, वाहनतळ, प्रवेशकक्ष हा सर्वसाधारण भाग; आणि तपासणीनंतरचे प्रतीक्षागृह, विमाने उभी करण्याची फरसबंद जागा व धावपट्टी हा निर्बंधित भाग. दोहोंमधील सीमारेषा ओलांडणारी प्रत्येक वस्तू व व्यक्ती तपासलेली असावी, हे मूलतत्त्व. तपासलेला व न तपासलेला असे दोन प्रवासी एकदा मिसळले, तर संपूर्ण प्रतीक्षागृह रिकामे करून सर्वांची पुन्हा तपासणी करण्यावाचून गत्यंतर नसते.

यात भारताचे एक वेगळेपण आहे. युरोप-अमेरिकेत विमानतळाच्या इमारतीत बहुधा कोणीही प्रवेश करू शकतो. भारतात दारावरच तिकीट व ओळखपत्र पाहिले जाते. परदेशी प्रवाशांना हे विचित्र वाटत असे. मार्च २०१६ मध्ये ब्रसेल्सच्या प्रस्थान कक्षात आणि त्याच वर्षी जूनमध्ये इस्तंबूलच्या अतातुर्क विमानतळावर हल्ले झाल्यानंतर या पद्धतीकडे काहीशा आदराने पाहिले जाऊ लागले. तिची मर्यादाही स्पष्ट आहे. दारावर अडवलेली गर्दी दाराबाहेर साचते आणि गर्दी हेच हल्लेखोराचे लक्ष्य असते. रांग एका ठिकाणाहून दुसरीकडे नेल्याने धोका नाहीसा होत नाही. डिसेंबर २०२२ पासून सुरू झालेली ‘डिजीयात्रा’ ही चेहऱ्यावरून ओळख पटवणारी ऐच्छिक सोय ही रांग कमी करण्यासाठी आहे. प्रवाशाच्या चेहऱ्याच्या माहितीचे पुढे काय होते, याविषयी तिच्यावर टीकाही झालेली आहे.

आतल्या माणसाकडून होणारा धोका हा नियोजनातील सर्वांत अवघड भाग मानला जातो. मोठ्या विमानतळावर सफाई, खानपान, इंधन, दुरुस्ती, दुकाने अशा कामांसाठी हजारो माणसे रोज निर्बंधित भागात जातात. त्यांना ब्युरोच्या नियमांनुसार प्रवेशपत्र मिळते. त्यापूर्वी पोलिसांकडून पूर्वचारित्र्य तपासले जाते आणि पत्रावरील अक्षरांवरून कोणत्या भागात जाण्याची मुभा आहे ते कळते. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेले पॅन ॲमचे विमान कराचीत थांबले असता सुरक्षारक्षकांचा गणवेश घातलेले चार सशस्त्र लोक, सुरक्षा विभागाच्या वाटाव्या अशा गाडीतून थेट विमानापर्यंत पोहोचले. या प्रसंगी प्रवाशांना वाचवताना प्राण गमावलेल्या नीरजा भनोत यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. गणवेश व गाडी ही ओळख नव्हे, प्रत्येक फाटकावर माणसाची ओळख तपासलीच पाहिजे, हा आग्रह अशा घटनांतून आला. विमानतळावर सेवा देणाऱ्या कंपन्यांनाही ब्युरोची मंजुरी लागते. मे २०२५ मध्ये सेलेबी या तुर्की कंपनीच्या भारतीय शाखांची मंजुरी राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून रद्द झाली आणि मुंबई, दिल्ली आदी विमानतळांवरील जमिनीवरच्या सेवा तातडीने इतरांकडे सोपवाव्या लागल्या.

तपासणी

प्रवासी धातुशोधक चौकटीतून जातो, हातातील यंत्राने त्याची झडती होते. स्त्रियांची झडती महिला कर्मचारी आडोशाच्या कक्षात घेतात. हाती सामान क्ष-किरण यंत्रातून जाते. पडद्यावर कागद, कापड, अन्न, तसेच बहुतेक स्फोटके यांसारखे सेंद्रिय पदार्थ नारिंगी, धातू निळे आणि मधले पदार्थ हिरवे दिसतात. साबण, चीज किंवा मिठाईचा घट्ट डबा वेगळा काढून पाहिला जातो तो यामुळेच. पडद्यासमोरील माणसाची एकाग्रता फार काळ टिकत नाही, म्हणून सलग सुमारे २० मिनिटांनंतर त्याला बदलण्याची पद्धत आहे. शिवाय यंत्र मधूनमधून खऱ्या बॅगेच्या चित्रात शस्त्राची खोटी प्रतिमा मिसळते. ती त्याने ओळखली की नाही याची नोंद राहते. दिवसभरात हजारो निरुपद्रवी बॅगा पाहणाऱ्यास एकदाही काही सापडू नये आणि तरीही त्याने सावध राहावे, ही अपेक्षा मानवी स्वभावाच्या विरुद्ध आहे. ही युक्ती तिच्यावरचा उतारा होय.

बंदी असलेल्या वस्तूंची यादी घटनांबरोबर वाढत गेली. बुटात स्फोटके लपवण्याचा डिसेंबर २००१ मधील प्रयत्न फसल्यावर बूट तपासणी आली. ऑगस्ट २००६ मध्ये लंडन येथे द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आल्यावर आंतरराष्ट्रीय प्रवासात हाती सामानातील द्रवपदार्थ १०० मिलिलिटरपर्यंत मर्यादित झाले. लिथियम बॅटरीचे पॉवर बँक मात्र उलट हाती सामानातच न्यावे लागतात, कारण विमानाच्या पोटात त्यांनी पेट घेतल्यास विझवणारा कोणी नसतो. सुके खोबरे तेलकट व ज्वालाग्राही असल्याने निषिद्ध आहे. नारळाबाबतचे निर्बंध मात्र २०२४ च्या शबरीमला यात्राकाळापुरते भाविकांसाठी शिथिल करण्यात आले होते. शीख प्रवाशांना देशांतर्गत विमानात ठरावीक लांबीचे कृपाण बाळगण्याची मुभा आहे.

हाती सामानाच्या चिठ्ठीवर शिक्का मारण्याची पद्धत जुन्या प्रवाशांना आठवत असेल. तो शिक्का विसरला म्हणून शिडीपासून परत पाठवलेले प्रवासी थोडे नव्हते. कॅमेऱ्यांचे जाळे पुरेसे झाल्यावर १ एप्रिल २०१७ पासून मुंबई, दिल्ली, बेंगळुरूसह सात विमानतळांवर ही पद्धत बंद झाली व हळूहळू इतरत्रही गेली.

तपासणी आणि प्रवाशाची प्रतिष्ठा यांचा मेळ घालणे सोपे नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये नृत्यांगना व अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी प्रत्येक प्रवासात कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो, अशी तक्रार चित्रफितीद्वारे जाहीरपणे मांडली. दलाने त्याबद्दल खेद व्यक्त केला. संपूर्ण शरीराचे चित्र दाखवणारी यंत्रे आल्यास अशी वेळ कमी येईल, असे सांगितले जाते. परंतु भारतातील विमानतळांवर त्यांचा प्रसार ठरवलेल्या मुदतीपेक्षा पुष्कळ मागे राहिला आहे.

धमक्यांचे मूल्यमापन

बॉम्बची धमकी आल्यास विमानतळावर धमकी मूल्यमापन समिती तातडीने बसते. विमान क्रमांक, वेळ, जागा असा नेमका तपशील असेल तर धमकी ‘विशिष्ट’ आणि मोघम असेल तर ‘अविशिष्ट’ ठरवली जाते. पुढील कारवाई या एका शब्दावर अवलंबून असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये समाजमाध्यमांवरून भारतीय विमान कंपन्यांना शेकडो खोट्या धमक्या आल्या आणि अनेक विमाने मध्येच उतरवावी लागली. प्रत्येक खोटी धमकी खरी मानावी तर वाहतूक ठप्प होते आणि न मानावी तर एखादी खरी असण्याचा धोका राहतो. त्यानंतर मूल्यमापनाचे निकष सुधारण्यात आले व डिसेंबर २०२४ मध्ये नियमांत दुरुस्ती करून खोटी माहिती देणाऱ्यास विमानप्रवास नाकारण्याचे अधिकार व वाढीव दंड यांची तरतूद झाली. अशा प्रकरणी दोष सिद्ध करणे सोपे नसते. ऑक्टोबर २०१७ मध्ये मुंबई-दिल्ली विमानाच्या स्वच्छतागृहात धमकीची चिठ्ठी सापडून ते अहमदाबादला वळवावे लागले होते. २०१६ च्या कायद्याखाली या खटल्यात पहिली जन्मठेप सुनावली गेली. मात्र गुजरात उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये आरोपीला निर्दोष ठरवले.

महाराष्ट्र व गोवा

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ हे सुरक्षा नियोजनाच्या दृष्टीने देशातील सर्वांत कठीण ठिकाणांपैकी एक आहे. त्याच्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या दाट वस्तीच्या मधोमध आहेत. जरीमरी, क्रांतीनगर, संदेशनगर अशा वस्त्या संरक्षक भिंतीला भिडलेल्या असून काही ठिकाणी घरांची छपरे भिंतीच्या उंचीला येतात. गस्तीसाठी भिंतीच्या बाहेर मोकळी पट्टी असावी, हे पुस्तकातले तत्त्व येथे पाळणे अशक्यप्राय होते. ऑगस्ट २०१९ मध्ये एक मनोरुग्ण तरुण भिंत ओलांडून धावपट्टीच्या दिशेने आला आणि उड्डाणाच्या तयारीतील विमानाजवळ उभा राहिला. त्याला ताब्यात घेण्यात आले व कोणाला इजा झाली नाही. परंतु भिंत ही केवळ बांधकामाची बाब नसून शहराच्या गृहनिर्माणाचीही बाब आहे, हे त्या घटनेने अधोरेखित केले. या वस्त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अनेक वर्षे रेंगाळलेला आहे. भिंतीपलीकडे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांच्या दृष्टीने तो सुरक्षेचा नव्हे, निवाऱ्याचा प्रश्न आहे. १२ मार्च १९९३ च्या साखळी बॉम्बस्फोटांच्या दिवशी सहार विमानतळाच्या दिशेने हातबॉम्बही फेकण्यात आले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाला नियोजनाची मोकळीक तुलनेने अधिक मिळाली.

पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाच्या तळावर, तर गोव्यातील दाबोळी विमानतळ नौदलाच्या आयएनएस हंसा या तळावर आहे. अशा ठिकाणी धावपट्टी व हवाई वाहतूक नियंत्रण लष्कराकडे आणि प्रवासी इमारत नागरी प्राधिकरणाकडे असते. छायाचित्रणावर निर्बंध असतात आणि सुरक्षेची सीमारेषा दोन वेगळ्या शिस्तींच्या यंत्रणांना मिळून सांभाळावी लागते. उत्तर गोव्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, ज्यावरून जानेवारी २०२३ पासून वाहतूक सुरू झाली, हा संपूर्णतः नागरी आहे.

खर्च

विमानतळ सुरक्षेचा खर्च मुख्यत्वे प्रवाशाच्या तिकिटातून भागवला जातो. १ जुलै २०१९ पासून हे शुल्क एका राष्ट्रीय न्यासाकडे जमा होते. एप्रिल २०२१ पासून देशांतर्गत प्रवासासाठी ते २०० रुपये आणि आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी १२ डॉलर आहे. दर प्रवाशामागे आकारणी सारखीच असल्याने मोठे विमानतळ आपल्या गरजेहून अधिक आणि छोटे कमी रक्कम जमवतात. न्यास हा फरक भरून काढतो. वर्दळ थांबली तरी पहारा थांबवता येत नसल्याने, करोना साथीच्या काळात विमाने जमिनीवर असताना या व्यवस्थेची आर्थिक ओढाताण झाली. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी वाहनतळ व रांगांचे नियमन यांसारखी कामे अलीकडे खासगी रक्षकांकडे दिली जातात. शस्त्रधारी पहारा व प्रवाशांची झडती मात्र दलाकडेच ठेवण्यात आली आहे.